माझं स्वतःचं मत

प्रिय वर्कनेश,

तुला, आईला आणि आपल्या हिवोतला देव सुखात ठेवो. मी बरा आहे. इंजेरा रोज पोटभर मिळतो.

रेडिओवर ऐकलंच असशील. संसदेत पुन्हा तोच पक्ष, जवळजवळ सगळ्या जागांवर. मी पडलो. माझ्याच शाळेतल्या केंद्रावर मला एकही मत नाही म्हणे. अगं, मी स्वतःला दिलेलं मत गेलं कुठे? विचारलं, तर अधिकारी म्हणाला, "मास्तर, घाईत आमच्याच चिन्हावर खूण केली असेल तुम्ही!" सगळे हसले. रोज माझ्याबरोबर कॉफी पिणारा मुलुगेतासुद्धा हसला. नंतर भिंतीआड माझा हात धरून रडला, "मत तुलाच दिलं होतं रे. पण मला पोरंबाळं आहेत."

त्याच्यावर माझा राग नाही. शाळेनं सध्या येऊ नका म्हटलंय, तेवढीच विश्रांती. आईचा खोकला कसा आहे?

एक ऐक. ते आपल्या दारावर त्यांचा झेंडा लावायला आले, तर अडवू नकोस. हिवोतला घोषणा द्यायला सांगितल्या, तर देऊ दे, मोठ्यानं. तिचा बाप त्यांच्याविरुद्ध उभा होता, हे हळूहळू तिला विसरायला लाव.

तुम्हा तिघींची आठवण काढणारा,
गेताहुन