पाठ मागच्याने बघायची

७ तारीख, शुक्रवार

घडीवाल्याच्या नाकातून या वर्षी दुसऱ्याच ठोशाला रक्त आलं. पहिला माझा होता.

दरवर्षी पहिला माझाच असतो. बाबा युद्धातल्या त्या उडीत गेले, मी नंतर जन्मले, म्हणून तो मान माझा. मेळाव्याच्या पहिल्या संध्याकाळी घडीवाला सभागृहाच्या मधोमध येऊन उभा राहतो, हात मागे बांधतो. मग छत्रीधारी पलटणीतले उरलेले म्हातारे, त्यांची मुलं, जावई, नातवंडं – रांगेने एकेक ठोसा. युद्धात पॅराशूटच्या छत्र्यांच्या घड्या घालायचं काम त्याचं होतं. बाबांची घडी चुकली, छत्री पिशवीतून निघालीच नाही, त्या झटक्याने विमानाला जोडलेला पट्टा तुटला आणि बाबा दगडासारखे खाली गेले. हे मी कळायला लागल्यापासून ऐकते आहे. घडीवाल्याला कोणी बोलावत नाही. तो आपणहून येतो. स्वतःचा रुमाल घेऊन.

लहान होते तेव्हा मला खुर्चीवर उभं केलं होतं. मी मूठ वळली, तर तो हळूच म्हणाला – अंगठा बाहेर ठेव बाळ, नाहीतर तुझाच मोडेल. आजही म्हणाला. फक्त आता ‘ठेवा ताई’ म्हणतो.

आई या वेळी नेहमी चहाचं बघायला जाते.

काका कधीच जोरात मारत नाहीत. गालाला नुसती मूठ टेकवतात. विमानात ते बाबांच्या मागे उभे होते. पुढे आमच्याच मजल्यावर राहायला आले, मला सायकल शिकवली, शाळेत सोडलं, आणलं. काकांचं मन मोठं, असं सगळे म्हणतात.

८ तारीख, शनिवार, सकाळी

जमिनीवर सराव. उद्या सगळे पुन्हा उडी मारणार, त्याच क्रमाने. बाबांच्या जागी मी. माझ्या मागे काका.

पट्टा खांद्यावरून सरळ वरच्या तारेपर्यंत गेलेला हवा. काखेतून गेला तर उडी मारताना हाताला वेढा बसतो आणि माणूस विमानाला लटकतो. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून मागच्याने बघायची. सगळं नीट असेल तर खांद्यावर थाप. शेवटच्या माणसापासून थाप सुरू होते आणि रांगेतून पुढे पुढे येते. सगळ्यात पुढे म्होरक्या. त्याच्यापर्यंत ती पोचल्याशिवाय कोणी हलायचं नाही.

पद्धत चांगली आहे. आमच्या कारखान्यात इतकी चांगली नाही.

म्होरक्या तेव्हाही तुकडीचा प्रमुख होता, आजही स्वतःला समजतो. टक्कल पडलं, मान अजून बैलाची. घडीवाल्याला सगळ्यात जोरात तोच मारतो.

८ तारीख, शनिवार, दुपारी

जेवताना राडा. म्होरक्याचा जावई दातांचा डॉक्टर आहे. घडीवाल्याचं तोंड बघून आला आणि म्हणाला, सासरेबुवा, या माणसाचे दात बसवून बसवून मी घर बांधेन, आता पुरे करा. काही जण हसले. म्होरक्याने समोरचा पाण्याचा स्टीलचा जग उचलला आणि जावयाच्या कानावर घातला. मग म्होरक्याचा मुलगा उठला, मग कोण कोणाच्या बाजूने ते कळेना. खुर्ची मोडली. एकाच्या पंजात जेवायचा काटा आरपार गेला, तो त्याकडे बघत बसला. म्होरक्याने जावयाची मान धरून त्याला भिंतीवर आपटलं आणि भिंतीवरची चौकट खाली आली. त्या चौकटीत बाबांचा पट्टा असतो, विमानात उरलेला तुकडा.

काच फुटली. पट्टा मी उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हातात आला. चौकटीत त्याचं एक टोक मखमलीखाली दुमडलेलं असायचं. चौकट काकांनी करून आणली होती.

माझं रोजचं काम हेच. क्रेनचे तुटलेले पट्टे आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत येतात. मी टोकं बघते आणि का तुटले ते लिहिते. ओढीने तुटलेलं टोक केसाळ असतं – धागे लहानमोठे, काही वितळून गुठळी झालेले. हे टोक सरळ आहे. मधे एक बारीक पायरी आहे. सुरी तिथे थांबली होती. मग परत लावली.

खोलीत येऊन भिंग लावून पुन्हा पाहिलं.

कापलेला आहे.

८ तारीख, शनिवार, संध्याकाळी

काका मैदानात सरावासाठी उभारलेल्या विमानाच्या लाकडी दारात बसले होते. मी पट्टा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, ते टोक वर करून. त्यांनी चष्मा सावरूनसुद्धा पाहिलं नाही.

“तू कामावर हेच करतेस ना. मग मला काय विचारतेस?”

तरी विचारलं. त्यांनी सांगितलं. सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी. पायाखालच्या पत्र्यातून गोळी वर आली. बाबांच्या पुढच्या माणसाची मांडी फुटली, रक्त काकांच्या डोळ्यांत गेलं. त्याच वेळी हुकूम झाला. “थाप मारली. बघितलं नाही.” बाबांचा पट्टा काखेतून गेला होता. उडी मारल्यावर ते खाली गेलेच नाहीत. वेढा दंडाला बसला, हात खांद्यातून निखळला, आणि ते विमानाच्या अंगावर आपटत राहिले. आधी पाठ, मग डोकं. खिडकीवर दरवेळी लाल शिक्का उठायचा. एका पंखाला आग लागली होती. मागे अख्खी रांग खोळंबली होती, ढकलत होती, ओरडत होती.

बाबा शुद्धीवर होते का?

“माझ्याकडे बघत होता.”

काही म्हणाले?

“ओठ हलत होते. त्या आवाजात काय ऐकू येणार?”

त्यांनी सुरी काढली. एका झटक्यात कापला गेला नाही. मग उरलेला तुकडा खिशात घालून स्वतः उडी मारली. त्यांच्या मागून जे उतरले ते जमिनीवरच मारले गेले, बघणारं कोणी उरलं नाही. परत आल्यावर म्होरक्याला खिशातला पट्टा दिसला आणि तोच म्हणाला – तुटला! घडी चुकली! “मी नुसतं हो म्हणालो. त्याच रात्री सगळ्यांनी घडीवाल्याच्या तोंडावर उशी दाबून त्याला बुकललं. मी दाराबाहेर उभा होतो. नंतर बोलायचं राहूनच गेलं.”

राहूनच गेलं. जसं दूध आणायचं राहतं.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी आकडा आहे. मी पट्टा फिरवला. आकडा त्यांच्या भुवईवर बसला, कातडी उघडली, रक्त चष्म्याच्या आत साठलं. त्यांनी पुसलं नाही. मी म्हणाले, आज सगळ्यांसमोर बोला. ते म्हणाले, उडीनंतर बोलतो, शब्द देतो.

म्होरक्याला जाऊन सांगितलं की मला काकांच्या मागे उभं राहायचं आहे. तो म्हणाला, घाबरलीस वाटतं. मी हो म्हणाले.

९ तारीख, रविवार

चढताना काकांचा पट्टा मी तपासला होता. सरळ होता. दार उघडलं, सगळे उभे राहिले, आकडे तारेत अडकवले. मग माझ्यासमोर काकांनी डावा हात वर केला आणि पट्टा शांतपणे काखेतून घेतला. नजर समोर. भुवईवर टाके.

तर हा शब्द होता. उडीनंतर बोलतो म्हणे!

मागून थाप आली, माझ्या खांद्यावर पडली. मी काकांच्या काखेत हात घालून पट्टा ओढून बाहेर काढला. ते हात आवळून धरत होते. मी कोपर पिरगाळलं. पट्टा खांद्यावरून सरळ केला, दोनदा पाहिला. आणि थाप दिली नाही.

रांग थांबली. पुढून म्होरक्या ओरडायला लागला. मैदान खालून निघून गेलं, विमान वळलं. मी काकांच्या कानाशी तोंड नेलं.

“आधी बोला. मग थाप.”

पहिल्यांदा ते बोलले ते कोणाला ऐकू गेलं नाही. मी पट्टा मुठीत धरून मागे खेचला. मग ते बेंबीच्या देठापासून ओरडले.

“पट्टा मी कापला! घडी बरोबर होती!”

म्होरक्याने स्वतःचा आकडा काढला, माणसं बाजूला सारत आला. काकांचं शिरस्त्राण उपटलं आणि त्यांचं तोंड बाकाच्या लोखंडी कडेवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. कोणी अडवलं नाही. मीही नाही. दात जावयाने गोळा केले, सवयीने.

विमान सगळ्यांना घेऊन उतरलं.

१० तारीख, सोमवार

घडीवाल्याला मी सांगितलं. पट्टा दाखवला. आनंद होईल अशी माझी समजूत होती. त्याने ते टोक बराच वेळ अंगठ्याने चाचपलं.

“पण ताई, मला माझी चूक सापडली होती,” तो म्हणाला. “रोज झोपताना ती छत्री मनात उलगडायचो. तिसऱ्या घडीला माझा हात घाईत होता. आठवतं मला.”

तिसरी घडी व्यवस्थित होती, हे मी त्याला दोन प्रकारे समजावलं. तो मान हलवत राहिला.

आईने गाडीत एवढंच विचारलं – किती वेळ लटकत होते?

मी म्हणाले, लगेच कापला. मोजमापाच्या बाबतीत मी एरवी कधी खोटं बोलत नाही.

पुढचं वर्ष. ६ तारीख, शुक्रवार

सभागृहाच्या मधोमध काका. हात मागे. स्वतःचा रुमाल. पहिला मान घडीवाल्याचा होता, पण तो आईबरोबर चहाचं बघायला गेला. मग म्होरक्याच्या नातीला खुर्चीवर उभं केलं. तिने मूठ वळली. मी जवळ गेले आणि म्हणाले, अंगठा बाहेर ठेव बाळ.