पलंगाखालच्या पट्ट्या

२ जानेवारी, अकोला
आलो एकदाचा! अचलपूरहून एसटीने येताना प्रत्येक गतिरोधक मणक्यात मोजला, पण खोली पाहून शीण गेला. वरचा मजला, खिडकीत कडुनिंब, आणि ज्याच्यासाठी आलो तो पाठदुखीचा दवाखाना गल्लीच्या टोकाला. घरमालकीण मनकर्णाबाई. यजमान डोमाजी पोटाच्या कॅन्सरने याच खोलीत गेले, हे बाईंनी पहिल्याच चहाबरोबर सांगून टाकलं. म्हणाल्या, मनात काही आनू नका गुरुजी, पलंग मी घासून काढला.

४ जानेवारी
दवाखान्यातल्या डॉ. गजाला यांनी पाठीवर पट्टी लावली. अफूच्या जातीचं औषध, कातडीतून झिरपतं. तीन दिवसांना एक, एका वेळी एकच. वापरलेली दुमडून परत द्यायची, तरच नवी. मी जन्मभर वह्या तपासलेला माणूस, मला नियम आवडतात. संध्याकाळी पाठ हलकी झाली आणि चौथीच्या पोरांना शिकवलेली पाखरांची कविता चालीसकट ओठांवर आली. फळ्यावरचा खडू, खिडकीतलं ऊन, साठ पोरांचा एक सूर! सव्वीसला जुन्या शाळेने बोलावलंय. ती कविता म्हणेपर्यंत उभं राहता यावं, एवढंच मागणं.

१० जानेवारी
तिसऱ्या दिवशी पट्टीचा असर ओसरतो. डॉक्टर म्हणतात, वाढवायची घाई नको.
आज चष्मा पलंगाखाली गेला म्हणून वाकलो. फळीच्या उलट्या बाजूला माझ्यासारख्याच, पण वापरलेल्या पट्ट्या चिकटवलेल्या, चाळीस तरी. कडांना काळा मळ, मळात केस, एकीवर कातडीचा वाळका पापुद्रा. वास खवट लोण्याचा. मोरीत जाऊन ओकलो. बाई शरमल्या. म्हणाल्या, आमचं मानूस फेकूच देये नाही, म्हने औषध उरते त्याच्यात. तवा दवाखान्यात परत मांगत नव्हते. उद्या खरवडून टाकीन म्हणाल्या.

१३ जानेवारी
खरवडू दिलं नाही. मीच काढतो म्हटलं.
एक काढली. ओल्या फडक्याने पुसली. मळ निघाला, केस निघाले नाहीत. तशीच पाठीवर दाबली, वरून चिकटपट्टी. अंगावर दुसऱ्याची ओली जीभ टेकावी तसं वाटलं. शी! पण पाऊण तास उभा राहिलो. कविता दोनदा म्हटली.

१६ जानेवारी
आता तीन. पाठ गप्प आहे. पोट दुखतंय.
माझं पोट कधी दुखत नव्हतं. उजव्या बरगडीखाली आतून काहीतरी कुरतडतंय. डोमाजींना कुठे दुखायचं, असं बाईंना सहज विचारलं. त्यांनी स्वतःच्या उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं.

१८ जानेवारी
पट्ट्या निघत नाहीत. नखाने एकीची कड उचलली. आरशात पाहिलं. खाली माझी कातडी नाही. काळी, राठ, केसाळ. मी गोरा माणूस, माझ्या पाठीवर लव नाही—
घामाला लोण्याचा वास. साबण संपवला. वास आतूनच येतो.
पाखरांचं दुसरं कडवं आठवेना.

२० जानेवारी
दवाखान्यात जायलाच हवं. दोनदा जिन्यापर्यंत गेलो. दोन्ही वेळा पाय मागे वळले, पलंगाशी आले.
पहिलं कडवंही—
कण्हलो. बाई धावत वर आल्या. म्हणाल्या, आमचे बी असेच कन्हत होते. माझ्याकडे बघत राहिल्या. मग तोंडावर पदर घेतला. जाताना मला गुरुजी म्हणाल्या नाहीत.

२१ जानेवारी
अक्षर माझं नाही. ओळ सोडून चाललंय. डोमाजी शाळेत गेलेच नव्हते, असं बाई—
बाईंनी वाटीत चहा दिला. तो पोटातून वर आला, काळा, केसांसकट.

२२
मनकर्णेनं पोटावर हात फिरवला. मले बरं वाटलं. मंग घिन आली, माह्याच अंगाची. तिले सांगून राह्यलो, बाई, मी गुरुजी हावो, अचलपूरचा. तोंडातून निघते दुसरंच. मनी वं, दुखून राह्यलं, असं निघते. थे रडते आन् हासते. म्हनते, आले तं खरं. फळीवरून दुसरी पट्टी काढून राह्यली. मी नाही म्हनतो. नाही म्हनतो. पन सदरा कोन वर करून राह्यलं, हात तं माहेच—