दाराआडचा पट्टा

प्रिय धाकटे,

तुझ्या बेकरीचं उद्घाटन आटोपून आले तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय, आणि त्यात तुझ्या केकचा काही दोष नाही. केक चांगलाच होता. मी दोन तुकडे खाल्ले आणि शेजारणीला सांगितलं की जरा कोरडाच होता. खरं सांगू का, मी जळते तुझ्यावर. त्या काचेच्या कपाटावर जळते, त्या मोठ्या भट्टीवर जळते, आणि भट्टीचं दार उघडताना तुझ्या तोंडावर जी ऐट येते तिच्यावर तर फारच. माझे आखूड झालेले फ्रॉक घालून शाळेत जायचीस तू, आणि आता मी तुझ्या दुकानात पिशवी धरून उभी!

त्यात तू चारचौघांत सांगितलंस की भट्टीचे पैसे तुझ्या नवऱ्याच्या विम्यावर कर्ज काढून उभे केले. केवढं ते कौतुक! बाकी जन्मभर खुर्चीत बसून शिक्के मारले त्याने. मी घरी आले आणि चपला काढायच्या आधीच ह्यांच्या मागे लागले. आपलाही विमा आहे, ह्यांच्या कंपनीनेच काढून दिलाय, मग आपणही कर्ज काढू. मी शिवणाची दोन मशीनं घेणार होते आणि तुझ्या दुकानासमोरचाच गाळा भाड्याने घेणार होते. हो, समोरचाच. तुला उठता-बसता दिसायला हवा होता.

विमा कार्यालयातल्या बाईने कागद पाहिले आणि शांतपणे सगळं समजावलं. तुझ्या नवऱ्याच्या विम्यात दरवर्षी पैसा साठत जातो, म्हणून त्यावर कर्ज मिळतं. आमचा विमा नुसता अपघाताचा. त्यात काहीच साठत नाही. माणूस कामावर अपघाताने गेला तरच मागच्यांना पैसे मिळतात, आणि ते मात्र भरपूर मिळतात. माझा चेहरा पडला. हे मात्र हसले. हसत हसतच त्यांनी बाईंना विचारलं की समजा मी पडलो, तर हिला पैसे किती दिवसांत मिळतील? ती बाई गोंधळली. मला वाटलं, हे नेहमीसारखी थट्टा करतायत.

येताना मी रस्ताभर धुसफुसत होते. हे म्हणाले, बघ, आहे की नाही माझा भाव, फक्त जरा पडावं लागतं. आणि मी म्हणाले, साडूभाऊंचा निदान जिवंतपणी तरी घराला उपयोग होतो. म्हणाले खरी. कोपऱ्यावर आल्यावर ह्यांनी दूध घ्यायचंय का, एवढंच विचारलं.

तुला ह्यांचं काम माहीत आहे. उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायच्या. एका दोराला बसायची फळी असते, आणि दुसरा दोर नुसता जिवासाठी, कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. पहिला तुटला तर दुसरा धरतो. तो पट्टा हे रोज घरी आणतात, टाके तपासतात आणि सकाळी सगळ्यांत आधी पिशवीत भरतात. लग्न झाल्यापासून मी ह्यात खंड पडलेला पाहिला नाही. डबा विसरतील, पट्टा नाही.

गेला आठवडाभर तो पट्टा दाराआड खुंटीला लटकतोय. विचारलं तर म्हणाले, दुसरा दोर सारखा सोडवून अडकवण्यात वेळ जातो, त्याच्याशिवाय दिवसाकाठी एक भिंत जास्त होते, जास्तीचे पैसे तुझ्या मशीनला. असेलही तसं. पण पट्टा खुंटीवर पाहिला की मला त्या बाईला विचारलेला प्रश्न आठवतो, आणि हे घरी येईपर्यंत मी दारात-खिडकीत येरझाऱ्या घालते. मी रडले, भांडले, मशीनं नकोत म्हणून शपथा घातल्या. माझं बोलणं आता त्यांना खरं वाटत नाही. इतके दिवस दुसऱ्याच्या नवऱ्याचे गोडवे गायल्यावर कसं वाटेल?

उद्घाटनाच्या दिवशी तू म्हणाली होतीस, दाजींना इकडे पाठव, माल पोचवायच्या गाडीवर भरवशाचा माणूस हवाय. तेव्हा मी नाक मुरडलं होतं. माझ्या नवऱ्याने तुझ्या हाताखाली राबायचं? आज तेच मागायला हे पत्र लिहितेय. उद्याच ये. मी लिहिलंय हे बोलू नकोस. तुझंच अडलंय, दाजींशिवाय गाडी उभी आहे, असं सांग. तुझं मन ते मोडत नाहीत, त्याचाही मला रागच येतो. आणि बेकरीचं कौतुक कर हवं तितकं, मी ऐकून घेईन. तुझ्यावर मी म्हातारपणीही जळणार आहे, धाकटे. फक्त तेव्हा माझी कुरकुर ऐकायला हे शेजारी बसलेले हवेत.

तुझीच,
जळकी ताई