हळू चालणारा भाडेकरू

४ मार्च, सोमवार

आधीच सॉरी. माझं शुद्धलेखन कच्चं, आणि मोबाईलवर एका बोटाने टाइप करते. शाळा नववीतच सोडली — ते असो. वाचणारं कोण आहे म्हणा!

वरची खोली भाड्याने द्यायचीय. बाबा कारखान्यात रात्रपाळीला. दिवसा झोपतात, बरोब्बर त्याच खोलीखाली. मध्ये नुसत्या लाकडी फळ्या. म्हणून बाबांची अट एकच — भाडेकरू हळू चालणारा हवा.

आई म्हणाली, "आणि दारुडा निघाला तर?"

बाबा म्हणाले, "पडला नाही म्हणजे झालं."

६ मार्च

परीक्षा अशी — माणूस वर खिडकीपर्यंत जाऊन येणार, मी बाबांच्या पलंगावर डोळे मिटून पडणार. आवाज आला की नापास. कुणाशी बोलावं लागत नाही. काम आवडलं.

पहिली एक नर्स. टाचा आपटते. नापास. मग जोडपं. बायको पास, नवरा नापास!

आई म्हणे, "भाडेकरू शोधताय की चोर?"

९ मार्च

काठीवाले काका आले. छापखान्यातून रिटायर. मुलाच्या घरी हॉलमध्ये झोपतात — सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की मग. मला शाळेचं विचारलं नाही. बाकी सगळे विचारतात.

"तू खाली पडून ऐकणार होय पोरी? मग जपून चालायला हवं."

ठक. ठक. ठक. माझ्या नाकावर धूळ पडली.

बाबांना सांगितलं, काही ऐकू आलं नाही.

१० मार्च

बाबांनी काकांना परत बोलावलं. आज पलंगावर स्वतः. काकांनी काठी बगलेत मारली आणि भिंत धरून चालले. खिडकीपाशी तोल गेला. धप्प! लागलं नाही, म्हणाले.

बाबा माझ्याकडे बघून, "काही ऐकू नाही आलं ना?"

मग म्हणाले, "आता फोन तूच कर त्यांना."

११ मार्च

केला. आधी दोनदा कट केला.

"काका, ते — बाबा नाही म्हणतायत."

"अगं, रडतेस काय! खोली माझी गेली, तुझी नाही."

मी रडत नव्हते. फार नाही.

१३ मार्च

खोली एका क्लार्कला दिली. मांजरासारखा चालतो. आई दर वेळी दचकते.

१५ मार्च

कारखान्यातून फोन. रात्रपाळी कायमची बंद. सोमवारपासून बाबा दिवसा कामावर.