लिंपायची राहिलेली तोंडं

वाकड्या मनगटाच्या माझ्या आईस,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. त्यासाठी इंदिरानगरहून मी आज गावी आले आणि आल्या आल्या अण्णांवर हातोडा उगारला. पोटच्या मुलीनं बापावर. म्हणून तुला लिहायला बसलेय.

दादानं परसातला शिसव काल कापला. ओंडके उन्हात पडलेले, कापलेली तोंडं उघडी. मला राहवेना. पदर खोचला, शेणकाला कालवला. तूच शिकवलंस ना, "पाणी तोंडातून पळतं गं, बाजूनं नाय. तोंड लिंपलं की लाकूड दमानं वाळतं, फाटत नाय."

अण्णा ओंडक्यांजवळच खाटेवर बसून बघत होते. वहिनीला म्हणाले, "हिची आय एकदा लिंपायला इसरली. अख्खा ओंडका फाटला. मग अशी हाणली, परत नाय इसरली." आणि हसले.

तू विसरली नव्हतीस. हे आपल्या दोघींनाच ठाऊक.

तेव्हा अण्णा चार दिवस वणीला कामावर गेले होते. तू पहाटे दुसऱ्याच्या बागेत द्राक्षं खुडायला जायचीस, ती दिवस मावळल्यावर यायचीस. मला सांगितलंस, "मळ्यातल्या ओंडक्याची तोंडं लिंप." दहा वर्षांची मी. शेणात हात घालायचा कंटाळा. सागरगोटे खेळत बसले आणि तुला म्हणाले, "लिंपली." का विश्वास ठेवलास माझ्यावर?

अण्णा आले, तडे बघितले. "कुणाचं काम होतं?" मी दाराआड. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "इसरले मी," म्हणालीस.

त्यांनी हाताला लागलं ते फळकूट उचललं. पाठीवर, खांद्यावर, मांडीवर. तू कोपर वाकवून चेहरा झाकलास, तेव्हा मनगटावर बसलं. काडकन आवाज आला. मला वाटलं फळकूट मोडलं. फळकूट धड होतं.

हळद बांधून घेताना मला म्हणालीस, "तोंड उघडायचं नाय." मी नाही उघडलं. हाड वाकडंच जुळलं. जन्मभर एका हातानं भाकरी थापल्यास आणि मी त्या आयत्या खाल्ल्या. तुझाही राग येतो मला. एक थोबाडीत द्यायचीस मला! का नाही दिलीस?

आज ते हसले तेव्हा पाचर ठोकायचा हातोडा माझ्या हातात कसा आला, कळलं नाही. जीव घ्यावासा वाटला, खोटं कशाला बोलू? हात वर गेला आणि अण्णांनी कोपर वाकवून चेहरा झाकला. अगदी तू झाकला होतास तसा. मी हातोडा ओंडक्यावर घातला. सालीचे तुकडे उडाले.

"ताई, काय करता हे?" वहिनी ओरडली. खरं सांगायची हीच वेळ होती. पण मी उरलेली तोंडं लिंपत बसले.

उद्या सगळे पाहुणे जमले की, तुझं पान वाढायच्या आधी, मी सांगणार आहे. आई विसरली नव्हती. मी खोटं बोलले होते. मग अण्णांना हाणायचंच असेल तर मला हाणू देत. मी कोपर वर करणार नाही.

बत्तीस वर्षं तुझं ऐकलं, आई. उद्या नाही ऐकणार.

शेणानं माखलेल्या हातांची,
तुझी मंदा