पहिल्या रविवारची मौजनगरी

बुधवार, १० फेब्रुवारी १९८८

ठरलं! सहा मार्चला वैशालीला मौजनगरीला न्यायचं.

कंपनीत नंदकुमारने रंगीत पत्रक आणलं होतं. पनवेलच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी नवी करमणूक बाग निघाली आहे. मोठा आकाशपाळणा, झुकझुकगाडी, तळ्यात होड्या, मुक्कामाला छोटी छोटी घरं. जेवणाच्या सुट्टीत पत्रक इतक्या वेळा उलटंसुलटं केलं की नंदकुमार म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच."

कोर्टाने दिलेत ते आठ तास. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. ठाण्याला सुमेधाच्या दारातून घ्यायची, दारात आणून सोडायची. दीड वर्षातले निम्मे रविवार तलावपाळीवर भेळ खाण्यात गेले. लेक नऊ वर्षांची झाली. भेळेचा कंटाळा आलाय तिला, बोलून दाखवत नाही एवढंच.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

तिकिटं तीन प्रकारची. एक, नुसता प्रवेश — आत गेल्यावर प्रत्येक खेळाला वेगळे पैसे. दुसरं, प्रवेश आणि आठ कुपनं. तिसरं, हातावर शिक्का मारतात, मग दिवसभर काहीही, कितीही वेळा.

ठाणे ते पनवेल एस.टी. दीड तास, पुढे त्यांची बस अर्धा तास. म्हणजे बाग मिळणार बारा ते पावणेचार. पावणेचार तासांत आठ कुपनं संपतात का? खेळ एकूण अकरा. रांगेचा वेळ धरायला हवा. शिक्का महाग, पण मधेच कुपनं संपली आणि ती म्हणाली, "राहू दे बाबा," — तर? नको. शिक्काच.

पण एक अडचण आहे. चार फुटांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, पण त्यांना आकाशपाळण्यात घेत नाहीत. वैशाली किती उंच आहे?

मला माहीत नाही.

सोमवार, १५ फेब्रुवारी

सुमेधाच्या बँकेत फोन केला. वकिलांना मधे न घेता पहिल्यांदाच.

"विलास बोलतोय. वैशालीची उंची किती?"

"कशाला?"

"लागतेय."

"चार फूट एक इंच. जानेवारीत शाळेत मोजली." आणि मग, "तुम्ही बरे आहात ना?"

लग्नाआधीपासून अरेतुरे करणारी बाई. आता 'तुम्ही'. असो. एक इंचाने आकाशपाळणा मिळाला! दुपारभर मशीनवर शीळ घालत होतो.

रविवार, २१ फेब्रुवारी

आज एकटा जाऊन आलो. रंगीत तालीम. घड्याळ, वही, पेन्सिल.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "किती जण?"

"एक."

"फॅमिली मागून येतेय?"

"दोन आठवड्यांनी," म्हटलं. त्याने मान वर करून बघितलं आणि शिक्का मारला.

जाऊन आलो ते फार बरं झालं. पत्रकात सगळं सपाट दिसतं, प्रत्यक्षात चढ आहे. लोक फाटकाजवळच्या खेळांना चिकटतात, तिथे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रांगा, आणि वर पोचेपर्यंत पोरांचे पाय दुखायला लागतात. झुकझुकगाडी सगळ्या बागेला फेरी मारते, स्टेशनं तीन. तर आत शिरल्या शिरल्या गाडी पकडायची, थेट वरच्या स्टेशनावर उतरायचं, आणि एकेक खेळ करत उताराने खाली यायचं. होडी शेवटी, कारण तळं फाटकाजवळ.

आकाशपाळण्यात एकट्याला बसू देत नव्हते. तोल जातो म्हणे. मग समोरच्या बाकावर वाळूचं पोतं ठेवलं आणि आम्ही दोघं वर गेलो. वरून माथेरानचा डोंगर दिसतो. पोत्याला दाखवला.

सोमवार, २९ फेब्रुवारी

आलेखाच्या कागदावर नकाशा पुरा झाला. लाल रेघ गाडीची, निळी आमची. प्रत्येक खेळापुढे मिनिटं.

कंपनीत चहा करणाऱ्या शेवंताबाईंना दाखवला. त्या तळवलीच्या, घरात नातवंडं सहा. कागद लांब धरून त्यांनी बघितला.

"झ्याक हाय साहेब. पन पोरीला इचारलंव का, तिला काय पायजे?"

म्हटलं, तिला सांगायचंच नाहीये, गंमत आहे.

"बरं," म्हणाल्या आणि कप उचलून गेल्या.

शनिवार, ५ मार्च

डबा नको, तिथेच खाऊ. टोपी घेतली. लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. झोप येईलसं वाटत नाही.

रविवार, ६ मार्च

सगळं लिहून काढतो.

एस.टी. वेळेवर. शीळफाट्यापर्यंत तिला वाटत होतं आपण माझ्या वाशीच्या घरी चाललोय. मग वळण वेगळं आलं आणि तिने माझ्याकडे बघितलं. पत्रक काढून दिलं. तिने आधी पुढची बाजू वाचली, मग मागची, मग घडी घालून फ्रॉकच्या खिशात ठेवलं आणि माझा दंड घट्ट धरून बसली. पनवेलपर्यंत सोडला नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी आत. शिक्का मारताना हात पुढे करून म्हणाली, "पुसला जाणार नाही ना?" गाडी मिळाली. वरच्या स्टेशनावर आम्ही दोघंच उतरलो! आकाशपाळण्याला रांगच नाही. पट्टीशी उभी राहिली — चार फूट एक इंच, टाचा न उचलता.

पाळणा वर जाऊन थांबला. खाली माणसं भरत होते. मी माथेरान दाखवला. ती बघत होती, आणि बघता बघताच म्हणाली,

"बाबा, नागपूर इथून दिसत नाही ना?"

"नाही गं. फार लांब. का?"

"आईला तिथे पाठवणार आहेत. प्रमोशन. मे महिन्यात. मग मी पण."

पाळणा सुटला. दोन फेऱ्या झाल्या, मी माथेरानकडेच बघत होतो. उतरल्यावर तिनेच विचारलं, "आता कुठे जायचं?" मी नकाशा उघडला. निळी रेघ दिसेना.

"तुला कुठे जायचंय?" विचारलं.

"गाडीत."

"गाडीत आपण बसलो की."

"पुन्हा."

म्हणून पुन्हा बसलो. मग पुन्हा. एकंदर सहा वेळा! अकरा खेळांतले तीनच झाले — पाळणा, होडी आणि धडकगाड्या. बाकी गाडी. गाडीत काही करावं लागत नाही, नुसतं शेजारी बसायचं. तेवढ्या वेळात तिने शाळेतली पुतळा नावाची मैत्रीण सांगितली, तिच्या घरची गाय सांगितली, स्कॉलरशिपचं गणित सांगितलं, आणि आई रात्री पुस्तक वाचताना हसते तेही सांगितलं. मी तिला कंपनीतला जुना लेथ कसा रुसतो ते सांगितलं. ती इतकी हसली की पुढच्या डब्यातली माणसं वळून बघायला लागली. दीड वर्षात आम्ही एवढं बोललो नव्हतो. उन्हाने लाल झाली होती, टोपी घालायची तर तीही मलाच घातली.

पावणेचारला म्हणाली, "शेवटची एक?"

बस उभी होती. ती सोडली तर पुढची साडेपाचला. सहाची वेळ चुकली की सुमेधा वकिलांना कळवणार, हे मला पक्कं माहीत. गेल्या वर्षी वीस मिनिटांवरून नोटीस आली होती. नाही म्हणायला तोंड उघडलं. तिचा चेहरा बघितला. म्हटलं, चल.

बस आमच्यासमोरून गेली. आम्ही गाडीतून तिला हात केला. मग फाटकावरच्या फोनवरून सुमेधाच्या शेजारी निरोप ठेवला, उशीर होतोय म्हणून.

ठाण्याला पोचलो तेव्हा पावणेआठ. सुमेधा स्टँडवरच उभी होती.

"सहा म्हणजे सहा असतात. तुला कळत कसं नाही?"

वैशाली म्हणाली, "आई, मीच हट्ट केला."

"नाही," मी म्हटलं. "तिने विचारलं. बस सोडायचं मी ठरवलं."

सुमेधा माझ्या डोक्याकडे बघत होती. वैशालीची फुलाफुलांची टोपी अजून माझ्याच डोक्यावर होती. काढली.

"नागपूरचं मला कुणी सांगितलं नाही," म्हटलं.

"ऑर्डर हातात आली की वकिलांमार्फत कळवणारच होते."

"मलाच कळव ना."

तिने रिक्षाला हात केला. वैशालीने रिक्षातून हात बाहेर काढून शिक्का दाखवला.

सोमवार, ७ मार्च

नंदकुमार म्हणतो, कोर्टात अर्ज टाक. मुलीला जिल्ह्याबाहेर नेताच येणार नाही, सुमेधाला प्रमोशन सोडावं लागेल. वकीलही म्हणाले, केस मजबूत आहे.

दिवसभर तेच डोक्यात. लग्न झालं तेव्हा ती ऑफिसरच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पहिल्यांदा राहिली, दुसऱ्यांदा वैशालीच्या वेळी सोडली. तिसऱ्यांदा मी म्हटलं होतं, काय गरज आहे?

शनिवार, १२ मार्च

पत्र लिहिलं. चार वेळा फाडून, शेवटी आठ ओळी. अर्ज टाकणार नाही. प्रमोशन सोडू नकोस. तिसऱ्या वेळी मी बोललो ते चुकलंच. गाड्यांची चौकशी केली आहे; शनिवारी संध्याकाळी निघालो तर रविवारी सकाळी नागपूर, त्याच रात्री परत. महिन्यातून एकदा मला जमेल. वैशालीला तसं सांग.

पेटीत टाकलं आणि परत काढता येईल का ते बघत उभा राहिलो.

मंगळवार, १५ मार्च

उत्तर नाही.

रविवार, २० मार्च

आज काहीच केलं नाही. खिडकी पुसली. समोरच्या बिल्डिंगमधली मुलं गच्चीवर पतंग उडवत होती. पोस्टमन रविवारी येत नाही हे दोनदा आठवावं लागलं.

शुक्रवार, २५ मार्च

कंपनीत सुमेधाचा फोन. ऑर्डर आली, वर्षभरासाठी. वैशालीला शाळा सोडायची नाहीये, बसने जाईन-येईन म्हणते. कुठे राहशील विचारलं तर तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. "तुझं पत्र वाचलं नसतं तर मी हो म्हटलं नसतं," सुमेधा म्हणाली.

एक मेपासून वैशाली माझ्याकडे. रोज.

मला पोळ्या येत नाहीत.