आठ पानांची शेवटची ओळ

४ मार्च, बुधवार

कव्हर! पुन्हा कव्हर! कात्रीनं आज पाठवलेलं गाणं ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मूळ गाण्यात गिटारींचा गडगडाट, गायक गळा फाडून जगाला जाब विचारतो — आणि ही कोण बाई तेच गाणं एकट्या पियानोवर बाळ निजवावं तसं म्हणते!

आमच्या तिघांच्या ग्रुपचा नियम साधा आहे. बुधवारी एकानंच पाठवायचं, एकच गाणं — कव्हर, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्यानं गायलेलं, नाहीतर लाइव्ह. कुठल्या सेकंदापासून ऐकायचं ते लिहायचं. का, ते लिहायचं नाही. भांडण चहाच्या सुट्टीत, छापखान्याच्या मागच्या पायरीवर.

सुट्टीची पंधराही मिनिटं मीच खाल्ली. "उसनी आग ही! ज्यानं सोसलं त्यानंच गावं!" मशीनदादा तीस वर्षं छपाईयंत्राजवळ उभे राहून अर्धे बहिरे झालेत, स्पीकरवर तळहात ठेवून गाणं ऐकतात. म्हणाले, "मला दोन्ही बरी लागली. हिचं जरा कमी थरथरतं."

कात्री बाइंडिंगमध्ये कागद कापायचं मशीन चालवते. बारा वर्षांत छापलेलं एक अक्षर तिच्या हातून कापलं गेलेलं नाही. माणसांची वाक्यं मात्र रोज कापते. "बाई, तुमची भाषणं तरी सगळी तुमच्या घरची असतात का? अर्धी कपाटातल्या पुस्तकांची. आम्ही टाळ्या वाजवतोच ना?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज नाही. नुसती हवा.

५ मार्च, गुरुवार

ताईनं घशाच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. स्वरतंतूंवर गाठी. तीन आठवडे मौन. कुजबुजसुद्धा नाही — "ती तर जास्त वाईट," म्हणे.

आणि वीस तारखेला सभा! मालक बाइंडिंग खातं बंद करायला निघालेत. बावीस माणसं घरी बसणार, कात्री त्यांतलीच. संघटनेनं संमतीची सही दिली की संपलं. छपाईवाल्यांच्या नोकऱ्या शाबूत राहणार, म्हणून त्यांचे हात सहीसाठी शिवशिवतायत. त्यांना अडवायचं काम माझं. सचिव मी. प्रूफं तपासून उरलेला सगळा जन्म मी बोलण्यात घातलाय!

येताना ताईनं पाटी विकत घेतली. वर म्हणते, "चोपन्न वर्षांनी या घरात शांतता!"

८ मार्च, रविवार

बोलले नाही. दिवस सरला नाही.

११ मार्च, बुधवार

माझी पाळी. लाइव्ह पाठवलं. म्हाताऱ्या गायकाचा शेवटचा कार्यक्रम. गळा संपलेला, तरी तो वरच्या सुराला हात घालतो, सूर फुटतो, तो पुन्हा घालतो. सहा मिनिटं चाळीस सेकंदांपासून. माणसानं असं मरेपर्यंत स्वतःचं स्वतः गावं! ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "कुणाचं बोट दारात सापडलंय का?"

पायरीवर मशीनदादा म्हणाले, "थकलाय बिचारा." कात्री म्हणाली, "बाई, नीट ऐका. तो गातच नाहीये. त्यानं माइक लोकांकडं धरलाय. लोक गातायत."

पाटीवर लिहिलं — चूक. खाली तीन रेघा मारल्या.

घरी येऊन सात वेळा ऐकलं. लोकच गातायत. इतकी वर्षं मला त्याचाच आवाज ऐकू येत होता.

१४ मार्च, शनिवार

भाषण लिहून काढलं. आठ पानं, अगदी खालच्या कडेपर्यंत. मीच बोलणार! गळा गेला तर जावो. न्हाणीघरात नळ सोडून सराव सुरू केला. दोन वाक्यं झाली आणि पाणी बंद. ताईनं बाहेरून मुख्य नळ पिरगळला होता. "मुकी झालीस तर मी खुणांची भाषा शिकणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

हसत म्हणाली. डोळे हसत नव्हते.

१६ मार्च, सोमवार

कात्री घरी आली. "पानं द्या. मी वाचते."

मी पाटीवर — एक स्वल्पविरामही हलता कामा नये. "बरं," म्हणाली. वाचून दाखवलं. वाणसामानाची यादी वाचावी तसं! मी पाटी पुसून पुसून लिहीत राहिले. इथे थांब. इथे चढ. इथे दम घे. "बाई, हात जरा खाली ठेवा, वारा लागतोय."

पानं घेऊन गेली. सुटी पानं फडफडतात, शिवून घेते म्हणाली. तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालतेय. ती माझं भाषण मारून टाकेल याची भीती — की मारणार नाही याची?

१८ मार्च, बुधवार

मशीनदादांची पाळी. लाइव्ह, नुसता ड्रम, नऊ मिनिटं. पायरीवर मी पाटी पुढे केली — सही द्यायची की नाही? त्यांनी कप खाली ठेवला. "धाकटीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, बाई."

मी बोलले असते तर! पाटीवर काय लिहिणार?

२० मार्च, शुक्रवार

दुपारी कागदाच्या गोदामात सभा. लोक रिळांवर बसलेले. कात्री उभी राहिली. पहिली ओळ माझी, दुसरी माझी. माझे ओठ हलत होते — पहाऱ्याला सोबत आलेल्या ताईनं चिमटा काढला.

पहिलं पान संपलं आणि ती मध्येच थांबली. मी उठायलाच निघाले! तिनं मान वर केली. "पुढची ओळ कापली गेलीय. माझ्याच मशीनवर. तर आता माझंच ऐका." हशा. मग म्हणाली, "माझी सासू विचारते, तू पुस्तकं लिहितेस का गं? मी म्हणते, नाही. पान सुटू नये एवढंच बघते."

प्रत्येक पानाच्या शेवटी तेच. वाचायची, थांबायची, मान वर. तिसऱ्या पानानंतर कुणी हसलं नाही. आठव्याला ती छपाईवाल्यांकडे वळली. "पुढच्या वर्षी तुमच्या खात्याची पाळी आली, तर तुमच्या बाजूनं हात वर करायला कोण उरणार ते आधी मोजा."

मशीनदादांना काय ऐकू आलं देव जाणे. लाउडस्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून बसले होते. सही द्यायची नाही म्हणून पहिला हात त्यांचा वर गेला. अठ्ठावन्न विरुद्ध सात!

नंतर कात्री माझ्याजवळ आली. "कडा सारख्या करायला गेले, बाई. चुकून झालं." मी पाटीवर लिहिलं — शेवट घाईत झाला. एवढंच लिहिलं मी! केवढी कोती!

२५ मार्च, बुधवार

पाळी कात्रीची होती, मागून घेतली. सभेचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. पहिलं पान कुठल्या सेकंदाला संपतं ते बघायला तिनं शिवलेली पानं पहिल्यांदाच हातात घेतली. खालच्या कडा एकसारख्या नाहीतच, वरखाली आहेत. प्रत्येक पान माझ्या शेवटच्या ओळीच्या बरोबर वर कापलेलं. एका अक्षराला धक्का नाही.

त्या मशीनवर अख्खा गठ्ठा एकदाच कापतात. ही आठ पानं आठ वेळा कापली आहेत.

पाठवलं. "कव्हर. दोन मिनिटं पाच सेकंदांपासून ऐका."

का, ते लिहिलं नाही.